थायरॉइड आणि ऑटिझम: काय सिद्ध आहे, कशाचा नुसता संशय आहे

गोव्यातल्या ज्या घरात तीन-साडेतीन वर्षांचं मूल अजून बोलत नाही, नावाने हाक मारली तरी वळून बघत नाही, त्या घरात कधी ना कधी थायरॉइडचा विषय निघतो. कुणीतरी सांगतं, 'आधी थायरॉइड तपासा, गोळीने मूल सुधारतं.' मग रिपोर्टातला एखादा आकडा किंचित पुढेमागे दिसला की घरभर आशा पसरते. आणि आईलाच गरोदरपणात थायरॉइडची गोळी चालू असेल, तर प्रश्न वळतो तिच्याकडे: तिच्या थायरॉइडमुळे तर हे झालं नाही ना? हा प्रश्न मोठ्याने फारसं कुणी विचारत नाही, पण त्या आईच्या मनातून तो हलत नाही.

दोन्ही प्रश्नांना आज बऱ्यापैकी सरळ उत्तरं देता येतात. बाळाच्या मेंदूला थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं तर त्याची वाढ खुंटते, हे पूर्णपणे सिद्ध झालेलं आहे आणि ते टाळताही येतं. थायरॉइडचं ऑटिझमशी, म्हणजे स्वमग्नतेशी, असलेलं नातं मात्र पुसट आहे, आडवळणाचं आहे, आणि ते मुलाच्या थायरॉइडपेक्षा गरोदरपणातल्या आईच्या थायरॉइडशी जास्त निगडित दिसतं. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की दोन्हीकडून नुकसान होतं. नवजात बाळाची जी तपासणी व्हायलाच हवी ती राहून जाते, आणि ऑटिझम असलेल्या मुलाची मोलाची वर्षं गोळीच्या आशेवर निघून जातात.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली दोन पाळ्यांची छोटी ग्रंथी. ती रक्तातलं आयोडीन ओढून घेते आणि त्यापासून हार्मोन तयार करते. मुख्य हार्मोन टी-४. शरीरात त्याचं रूपांतर होऊन टी-३ बनतं आणि पेशींमधलं प्रत्यक्ष काम तेच करतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी यावर देखरेख ठेवते. टी-४ कमी पडलं की ती टीएसएच नावाचा संदेश जास्त पाठवते, जेणेकरून थायरॉइडने काम वाढवावं. म्हणून रिपोर्टात टीएसएच वाढलेला दिसला तर त्याचा अर्थ बहुधा थायरॉइड कमी पडते आहे असा असतो. आकडा वर गेलेला बघून 'थायरॉइड वाढलंय' असं आपण सर्रास म्हणतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

गर्भातलं बाळ पहिले तीन महिने स्वतःचं हार्मोन जवळजवळ बनवतच नाही. त्याची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि गरोदरपण निम्मं झाल्यावर कुठे तिचा जम बसतो. तोवर जे काही टी-४ बाळाला मिळतं ते आईच्या रक्तातून, वारेतून. नेमक्या याच काळात मेंदूतल्या पेशी तयार होऊन आपापल्या जागेवर सरकत असतात. पुढे त्या एकमेकींशी जोडल्या जातात, त्यांच्या तंतूंवर मायलिनचं आवरण चढतं. या प्रत्येक टप्प्याला थायरॉइड हार्मोन लागतं, आणि ही गरज जन्मानंतरही साधारण तीन वर्षांपर्यंत तीव्र राहते. भातशेती करणाऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही: लावणीच्या दिवसांत पाण्याने दगा दिला, तर दसऱ्याला कितीही पाऊस पडला तरी ते पीक भरून येत नाही.

जन्मतःच थायरॉइड कमी असलेलं बाळ

काही बाळांची थायरॉइड ग्रंथी गर्भात तयारच होत नाही, किंवा फार लहान राहते, किंवा जिभेच्या मुळाशी भलत्याच जागी अडकून राहते. काहींची ग्रंथी जागेवर असते, पण हार्मोन बनवण्याच्या साखळीतली एखादी कडी जन्मतः सदोष असते. भारतात साधारण हजार-दीड हजार बाळांमागे एकाला हा त्रास असतो. जन्मतः असणाऱ्या आणि उपचार करता येणाऱ्या आजारांमध्ये हे प्रमाण मोठं आहे.

यातली खरी अडचण अशी की ही बाळं जन्मताना अगदी सामान्य दिसतात. आईचं टी-४ वारेतून आलेलं असतं, त्यावर पहिले काही दिवस निभावतात. मग हळूहळू लक्षणं दिसायला लागतात: कावीळ लवकर उतरत नाही, बाळ सारखं झोपतं, दूध ओढायला आळस करतं, शी कडक होते, रडणं घोगरं वाटतं, जीभ मोठी दिसते, बेंबी फुगते. घरातली मोठी माणसं 'किती शांत बाळ आहे' म्हणून कौतुक करतात. हे सगळं नजरेत भरेपर्यंत दोन-तीन महिने गेलेले असतात, आणि मेंदूच्या हिशेबात ते फार महाग पडतात.

म्हणून लक्षणांची वाट न पाहता प्रत्येक नवजात बाळाची तपासणी करायची असते. टाचेला बारीक टोचून रक्ताचे काही थेंब घेतात आणि त्यात टीएसएच मोजतात. जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाचा टीएसएच आपोआप उसळतो, त्यामुळे पहिल्या दिवशी घेतलेला नमुना विनाकारण घाबरवू शकतो. ४८ ते ७२ तासांनंतरची वेळ चांगली. काही ठिकाणी जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त घेऊनही ही तपासणी करतात. गोव्यात २००८ साली सरकारने नवजात बाळांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा राज्यभर असं काही करणारं राज्य देशात शोधूनही सापडलं नसतं. तरी बाळंतपण बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) होवो, म्हापशाच्या आझिलो इस्पितळात होवो, मडगावला होवो की खासगी इस्पितळात, घरी निघण्याआधी एक प्रश्न स्वतः विचारा: बाळाची थायरॉइड तपासणी झाली का, आणि रिपोर्ट कधी, कुणाकडून मिळेल? दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं असेल तर नमुन्यासाठी परत कधी यायचं, तेही विचारून घ्या.

दोष निघाला तर उपाय साधा आणि स्वस्त आहे. लेव्होथायरॉक्सिनची गोळी चुरून, चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात मिसळून रोज द्यायची. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली आणि मात्रा वजनानुसार वेळोवेळी सांभाळली, तर ही मुलं बहुतेक इतरांसारखीच वाढतात, शिकतात. ग्रंथी जागेवर असेल तर तीन वर्षांनंतर डॉक्टर गोळी थांबवून पाहतात, कारण काहींचा दोष तात्पुरता असतो. मात्र तीन वर्षांच्या आत कुणाच्या सांगण्यावरून ती बंद करू नये. 'एवढ्या लहान बाळाला रोज गोळी कशाला' हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण त्याची किंमत बाळाची बुद्धी मोजते.

ऑटिझमपर्यंत पोचणारा धागा

ऑटिझमला रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. मूल इतरांशी संवाद कसा साधतं, बोट दाखवून काही दाखवतं का, नजरेला नजर देतं का, खेळताना तेच ते पुन्हा करतं का, आवाज, स्पर्श, चव यांना कसा प्रतिसाद देतं, हे बारकाईने पाहून निदान होतं. कारणांचा मोठा भाग जनुकांत आहे. २०१९ साली डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या सुमारे वीस लाख मुलांच्या नोंदींतून निघालेला निष्कर्ष असा, की ऑटिझमच्या शक्यतेत मुलामुलांत जो फरक दिसतो त्यातला साधारण ८० टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा आहे. उरलेल्या वाट्यात गरोदरपणातल्या अनेक गोष्टी येतात: आईवडिलांचं वय, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, व्हॅलप्रोएटसारखं फिट्सचं औषध. थायरॉइडचा संशय याच रांगेत उभा आहे.

हा संशय जुना आहे. स्वीडनचे बालमनोविकारतज्ज्ञ ख्रिस्तोफर गिलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ऑटिझमच्या अशा मोजक्या मुलांचं वर्णन केलं, ज्यांना स्वतःला किंवा त्यांच्या आईला थायरॉइड कमी असण्याचा त्रास होता. मोजक्या मुलांवरून काहीच सिद्ध होत नाही, पण प्रश्न मांडला गेला. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात हजारो गरोदर स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली जाते. २०१३ साली त्यातल्या ४,०३९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या आयांचं टी-४ गरोदरपणाच्या सुरुवातीला फारच कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी ऑटिझमची ठळक लक्षणं दिसण्याची शक्यता जवळजवळ चौपट निघाली. हा 'चौपट' आकडा नंतर खूप फिरला. त्यासोबतची गोष्ट मात्र फिरली नाही: ती लक्षणं आईवडिलांनी भरलेल्या प्रश्नावलीतून ठरवलेली होती, डॉक्टरांच्या निदानातून नाही, आणि अशी मुलं सगळी मिळून ८० होती. एवढ्या थोड्या मुलांवर उभा असलेला आकडा डळमळीत असतो.

२०१५ साली फिनलंडमधून वेगळाच धागा पुढे आला. तिथे गरोदरपणात घेतलेलं रक्त देशभर साठवून ठेवलेलं असतं. थायरॉइडवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटली की जी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती ऑटिझम असलेल्या मुलांच्या ६.१५ टक्के आयांमध्ये सापडली, तर इतर मुलांच्या ३.५४ टक्के आयांमध्ये. म्हणजे दोष नुसत्या हार्मोनच्या कमतरतेत नसून आईच्या प्रतिकारशक्तीच्या बिघाडातही असू शकेल. मात्र याच आकड्यांची दुसरी बाजू बघा. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांपैकी शंभरातल्या ९३-९४ जणींमध्ये ही प्रतिद्रव्यं नव्हती.

इस्रायलमध्ये चार लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०२० साली निष्कर्ष आला. ज्यांच्या आईला थायरॉइड कमी असल्याचं निदान होतं त्या मुलांत ऑटिझम थोडा जास्त, साधारण सव्वापटीच्या आसपास. गंमतीची नव्हे, विचारात पाडणारी बाब ही, की गरोदरपणात आईचा टीएसएच किती होता याने फारसा फरक पडला नाही. हार्मोनची कमतरता हेच एकमेव कारण असतं, तर फरक पडायला हवा होता. पुढे २०२५ मध्ये त्याच देशातल्या ५१ हजारांवर जन्मांच्या अभ्यासात चित्र जरा स्पष्ट झालं: ज्या आयांचा जुना त्रास औषधाने नीट ताब्यात होता त्यांच्या मुलांत वाढ दिसली नाही, ज्यांच्यात बिघाड एका तिमाहीतून दुसरीत तसाच राहिला त्यांच्या मुलांत दिसली.

सव्वापट म्हणजे किती, हे एकदा मांडून बघू, कारण पटीचे आकडे ऐकून पोटात गोळा येतो. हिशेबासाठी धरू की हजार मुलांत दहांना ऑटिझम असतो. आईला थायरॉइडचा त्रास असेल तर दहाचे बारा-तेरा होतील. म्हणजे अशा हजार आयांपैकी ९८७ जणींच्या मुलांना ऑटिझम नसेल, आणि ज्या बारा-तेरा जणींच्या मुलांना असेल त्यातल्या दहांना तो थायरॉइडचा त्रास नसतानाही झालाच असता. एखाद्या ठरावीक आईकडे बोट दाखवून 'हिच्यामुळे' म्हणण्याला या आकड्यांत कुठेही आधार नाही. तरीही ते म्हटलं जातं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. कारण मुलाला थेरपीला नेणारी, रात्र-रात्र जागणारी, बहुतेक घरांत तीच एकटी असते.

शिवाय एका गोष्टीसोबत दुसरी दिसली म्हणून पहिलीने दुसरी घडवली असं होत नाही. दोन्हींच्या मुळाशी तिसरंच काही असू शकतं. डाऊन सिंड्रोमचं उदाहरण घ्या. या मुलांमध्ये थायरॉइडचे त्रासही जास्त आणि ऑटिझमही जास्त. मूळ दोन्हींचं एकच, जादा गुणसूत्र. प्रतिकारशक्तीशी संबंधित काही जनुकं आईमध्ये थायरॉइडचा आजार आणि मुलाच्या मेंदूत वेगळी जडणघडण, असं दोन्ही करत असतील ही शक्यताही संशोधक तपासत आहेत. मग सगळ्याच गरोदर स्त्रियांना सौम्य कमतरतेसाठी गोळ्या देऊन काही साधतं का? २०१२ मध्ये ब्रिटन-इटलीत आणि २०१७ मध्ये अमेरिकेत हे करून पाहिलं गेलं. ज्यांना गोळी दिली आणि ज्यांना दिली नाही, त्यांच्या मुलांच्या बुद्ध्यंकात फरक निघाला नाही. अर्थात तिथे गोळी सुरू होईपर्यंत पहिले तीन महिने बहुतेक सरले होते, हा आक्षेप रास्त आहे.

धागा उलट दिशेनेही जातो, आणि तो आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. ऑटिझम असलेली बरीच मुलं खाण्यात कमालीची निवडक असतात. ठरावीक कंपनीचं बिस्कीट, नुसता भात, एकाच रंगाचे पदार्थ. मासळीचा वास नको, अंडं नको, दूध नको. अशा मुलाच्या जेवणात आयोडीन मुख्यतः मिठातूनच येतं. त्यात घरात आयोडीनयुक्त मिठाऐवजी सैंधव किंवा आगरावरचं खडेमीठ आलं असेल तर तेही बंद. फार मर्यादित खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांना गलगंड झाल्याच्या, थायरॉइड कमी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आगरवाड्याच्या मिठागरांविषयी मला आदर आहे. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, दिवसांत खारातल्या कैऱ्यांना, सुक्या मासळीला तेच मीठ हवं. रोजच्या आमटी-भाजीत मात्र आयोडीनचं मीठ असू द्या, आणि दमट हवेत ते उघडं न ठेवता झाकणाच्या बरणीत ठेवा. फिट्ससाठी व्हॅलप्रोएट किंवा कार्बामाझेपिन घेणाऱ्या मुलांचे थायरॉइडचे आकडेही बदलू शकतात. तिथे डॉक्टर अधूनमधून तपासणी सांगतात ती टाळू नका.

मूल उशिरा बोलतंय म्हणून थायरॉइड तपासावं का? एकदा तपासावं, विशेषतः जन्माच्या वेळची तपासणी झाली होती की नाही हे माहीत नसेल तर. थायरॉइड कमी असलेलं मूल सगळ्याच बाबतींत मागे पडतं. उंची वाढत नाही, अंगात सुस्ती असते, बद्धकोष्ठ असतं, थंडी सोसत नाही. पण ते माणसांकडे बघतं, जवळ येतं, हसतं. ऑटिझम असलेल्या मुलाची उंची बहुधा वयाप्रमाणे असते, चपळाई भरपूर असते. अडतं ते देवाणघेवाणीत. उशिरा निदान झालेल्या थायरॉइडच्या मुलांत दोन्ही चित्रं मिसळूही शकतात, म्हणून निर्णय बालरोगतज्ज्ञांवर सोडावा. सोबत कानांची तपासणी नक्की करून घ्यावी. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या मुलांत ऐकण्याचे दोष इतरांपेक्षा जास्त आढळतात, आणि न ऐकणारं मूल हाकेला न वळणाऱ्या मुलासारखंच दिसतं.

टीएसएच जरासाच वर, टी-४ व्यवस्थित, असा रिपोर्ट पुष्कळ मुलांचा येतो. वजन जास्त असलेल्या मुलांत तर तो नेहमीचाच. बहुतेक वेळा काही महिन्यांनी पुन्हा तपासलं की आकडा जागेवर आलेला असतो. अशा मुलाला गोळी दिल्याने ऑटिझम ओसरत नाही. थायरॉइड खरोखर कमी असेल तर गोळी थायरॉइडसाठी द्यायची, मुलाची सुस्ती जाईल, वाढ सुधारेल. समुद्री शेवाळाच्या पावडरी, आयोडीनचे थेंब विकणाऱ्यांपासून दूर राहा. आयोडीनचा अतिरेकही थायरॉइड बंद पाडतो.

गरोदर स्त्रीने पहिल्याच भेटीत टीएसएच तपासून घ्यावा, आधीपासून गोळी चालू असेल तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं, कारण मात्रा बहुधा वाढवावी लागते. अनेकजणी 'बाळाला बाधेल' म्हणून गोळी स्वतःच सोडतात. बाधते ती सोडलेली गोळी. आणखी एक बारीक पण कामाची गोष्ट: गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतातच, आणि त्या थायरॉइडच्या गोळीला पोटात शोषू देत नाहीत. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, बाकीच्या त्यानंतर किमान चार तासांनी.

ऑटिझमचा संशय असलेल्या मुलासाठी मदत थायरॉइडचा रिपोर्ट यायच्या आधीही सुरू करता येते. देशात पाच ठिकाणी जवळजवळ चार हजार मुलांची पाहणी झाली, त्यातलं एक ठिकाण उत्तर गोवा होतं. २०१८ साली आलेल्या निष्कर्षांनुसार सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी १३.६ टक्क्यांना मेंदूच्या वाढीशी संबंधित कुठली ना कुठली अडचण होती. म्हणजे हे एकट्यादुकट्या घराचं दुःख नाही. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने रावळपिंडीतल्या संशोधकांसोबत एक पद्धत तपासली होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या पालकांना त्यांच्या मुलासोबत खेळतानाचा व्हिडिओ दाखवायच्या आणि मूल कुठे इशारा करतंय, त्याला उत्तर कसं द्यायचं हे त्यातच दाखवून द्यायच्या. ६५ मुलांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त आले: पालक मुलाच्या लयीने प्रतिसाद देऊ लागले, आणि मुलं आपणहून आईवडिलांशी संवाद सुरू करू लागली.